पाच मिनिटांत आलेलं उत्तर

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून गेल्यावर एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलगा नऊ वर्षांचा. आदल्या दिवसापासून ताप, गिळताना दुखतंय, सकाळपासून दोन घास पेजेशिवाय पोटात काही नाही. खुर्चीत नीट बसायच्या आधीच आजींनी सांगून टाकलं, "डॉक्टर, जरा ताकदीचं औषध लिहा. बुधवारपासून परीक्षा आहे त्याची."

मी मुलाला दिव्याखाली घेतलं, जीभ दाबून बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला. दोन्ही टॉन्सिल लालबुंद, उजव्यावर पांढरट ठिपके. जबड्याखाली दोन्हीकडे गाठी होत्या आणि दाबल्यावर त्याने मान मागे ओढली. खोकला नव्हता, नाकही वाहत नव्हतं.

असे घसे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. तरीही हा घसा जिवाणूने धरलाय की विषाणूने, हे नुसत्या नजरेने मला सांगता येत नाही. पांढरे ठिपके दोन्हींत दिसतात. ताप दोन्हींत चढतो. मुलांच्या दुखऱ्या घशांत साधारण २० ते ३० टक्के वेळा कारण असतं 'गट अ'चा स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू. मोठ्या माणसांत ५ ते १५ टक्के. उरलेले बहुतेक घसे विषाणूंचे. त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा परिणाम होत नाही.

नजरेला मदत व्हावी म्हणून लोकांनी कसून प्रयत्न केले आहेत. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला रॉबर्ट सेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोठ्या माणसांसाठी चार खुणा ठरवल्या : टॉन्सिलवर पांढरा थर, गळ्यापुढच्या दुखऱ्या गाठी, ताप, आणि खोकला नसणं. पुढे १९९८ मध्ये मॅकआयझॅक यांनी त्यात वयाची भर घातली, कारण ३ ते १४ वर्षांच्या मुलांत हा जिवाणू जास्त सापडतो. या खुणा आजही उपयोगी आहेत. पण सेंटर यांच्या मूळ पाहणीत चारही खुणा असलेल्या रुग्णांपैकी जिवाणू निघाला तो ५६ टक्क्यांत. म्हणजे पुस्तकातल्या चित्रासारखा घसा समोर असला, तरी आपला अंदाज जवळपास निम्म्या वेळा चुकतो. आजींच्या नातवात चारही खुणा होत्या, वयही तेच होतं, आणि मी तिथेच उभी होते.

यावर झटपट तपासणीची पट्टी आहे. तिच्याबद्दल बोलणं निघालं की पहिला प्रश्न येतो, ती किती अचूक आहे? प्रश्न रास्त आहे. पण मला इथे दुसऱ्या प्रश्नाच्या मागे जायचं आहे. उत्तर केव्हा येतं? घशाच्या बाबतीत सगळा खेळ या 'केव्हा'चा आहे असं माझं मत आहे, आणि ते सावकाश उलगडून पाहण्यासारखं आहे.

पट्टीच्या आधीचा मार्ग कल्चरचा. घशातून काडी फिरवून घ्यायची, मेंढीचं रक्त घातलेल्या आगरच्या ताटलीवर ती ओढायची आणि ताटली उबेत ठेवायची. स्ट्रेप्टोकॉकस असेल तर २४ ते ४८ तासांत त्याच्या बारीक ठिपक्यांभोवतीचं रक्त विरघळून स्वच्छ कडी दिसू लागतात. फार देखणी आणि भरवशाची पद्धत आहे ही. आजही बाकीच्या तपासण्यांची पारख तिच्याशी ताडूनच होते.

तिचं उत्तर मात्र परवा येतं, आणि दवाखान्यातला निर्णय आज होतो. रुग्ण समोर बसलेला असतो, पेन हातात असतं, बाहेर बाकावर आणखी सहा जण असतात. अँटिबायोटिक लिहायचं की नाही, हे त्या पाच-सात मिनिटांत ठरून जातं. एकदा चिठ्ठी लिहिली, औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतल्या, पहिली गोळी पोटात गेली, की परवा आलेल्या अहवालाला विचारतो कोण? रिपोर्टमध्ये 'काही वाढलं नाही' असं आलं म्हणून सुरू केलेली गोळी बंद करणारा रुग्ण मी क्वचित पाहिला आहे. तो म्हणतो, गोळीने बरं वाटलं. आणि खरोखरच त्याला बरं वाटलेलं असतं, कारण विषाणूचा घसाही तीन-चार दिवसांत उतरणीला लागतो. श्रेय गोळीला जातं. पुढच्या वेळी तो तीच गोळी मागतो, किंवा न विचारताच घेतो.

मी स्वतः बरीच वर्षं असंच केलं. तीन दिवसांची गोळी लिहून मोकळी व्हायचे. मनात म्हणायचे, असला जिवाणू तर मरेल, नसला तर नुकसान काय? नुकसान होतं. जुलाब लागतात, अंगावर पुरळ उठतं, आणि शरीरात निरुपद्रवीपणे राहणारे बाकीचे जिवाणू त्या औषधाला सरावतात. स्ट्रेप्टोकॉकसच्या घशावर पेनिसिलिन आजही चालतं, पण ॲझिथ्रोमायसिनच्या जातीच्या औषधांना दाद न देणारा स्ट्रेप्टोकॉकस ठिकठिकाणी सापडतो आहे. मी लिहायचे ती तीन दिवसांची गोळी नेमकी त्याच जातीची.

पट्टी शिरते ती या पाच-सात मिनिटांत. ती काम कशी करते हे जवळून पाहिलं की तिची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही एकदम कळतात.

मुलाला मोठा 'आ' करायला सांगायचं, जीभ दाबायची आणि काडी थेट आत न्यायची. एक टॉन्सिल घासायचा, मग मागची भिंत, मग दुसरा टॉन्सिल. जिभेला, गालाला, पडजिभेला काडी लागू द्यायची नाही. मुलाला उमासा येतो, डोळ्यांत पाणी येतं, तो हात ढकलतो. सगळं तीन-चार सेकंदांत उरकावं लागतं. या तीन-चार सेकंदांवर पुढचं सगळं अवलंबून असतं. भीतीने हात आखडला आणि काडी नुसती जिभेवरून फिरून आली, तर उत्तम पट्टीसुद्धा 'नाही' म्हणणार. तपासणी चुकली असं आपण म्हणतो, तेव्हा बरेचदा हात चुकलेला असतो.

मग छोट्या नळीत दोन बाटल्यांतले थेंब मोजून घालायचे. एकात सोडियम नायट्राइट, दुसऱ्यात ॲसेटिक आम्ल. दोन्ही एकत्र आले की नायट्रस आम्ल तयार होतं. काडी त्यात बुडवून फिरवायची, मिनिटभर ठेवायची. ते आम्ल जिवाणूच्या भिंतीवरची एक विशिष्ट शर्करा सोडवून पाण्यात आणतं. आपण शोधतो ती हीच शर्करा.

या शर्करेमागे रिबेका लान्सफील्ड या बाईंचं आयुष्यभराचं काम आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी शेकडो स्ट्रेप्टोकॉकस गोळा केले, गरम हायड्रोक्लोरिक आम्लात त्यांच्या भिंतींतले पदार्थ बाहेर काढले, आणि १९३३ मध्ये दाखवून दिलं की या पदार्थांवरून त्यांचे गट पाडता येतात. माणसाचा घसा धरणारा बहुतेक करून गट 'अ'. आज दवाखान्यातल्या टेबलावर थंड आम्लाच्या चार थेंबांनी मिनिटभरात जे होतं, ते मुळात लान्सफील्डबाईंचंच काम आहे.

नंतर त्या पाण्यात पट्टी उभी करायची. वात तेल ओढते तसं पाणी पट्टीत वर चढतं. वाटेत त्याला रंगीत कण भेटतात. त्या कणांवर प्रतिपिंडं बसवलेली असतात आणि ती फक्त गट 'अ'ची शर्कराच धरतात. शर्करा असेल तर ती रंगीत कणांना घेऊन वर जाते आणि एका ठरलेल्या रेघेवर तशाच प्रतिपिंडांकडून अडवली जाते. तिथे रंग साचतो, रेघ उमटते. तिच्या वर दुसरी रेघ असते, तपासणी नीट झाली एवढंच सांगणारी. ही वरची रेघ उमटलीच नाही तर पट्टी फुकट गेली, नवी घ्यायची. ठरलेल्या मिनिटांतच वाचायचं. अर्ध्या तासाने टोपलीत पडलेल्या पट्टीवर फिकट रेघ दिसली तर ती धरायची नाही.

म्हणजे पट्टीने उत्तर दिलं ते एका छोट्या प्रश्नाचं : या काडीवर गट 'अ'ची शर्करा पुरेशी आहे का? घसा का दुखतोय, हे तिला कुणी विचारलेलंच नाही. शर्करा मेलेल्या जिवाणूचीही असू शकते, म्हणून औषध संपल्यावर 'गेला का?' हे पाहायला ही पट्टी वापरायची नसते. निरोगी शाळकरी मुलांतही काहींच्या घशात हा जिवाणू काही न करता राहत असतो. अशा मुलाला सर्दी झाली आणि आपण पट्टी लावली, तर रेघ येईल. रेघ खरी असेल, पण घसा दुखतोय सर्दीनेच. पट्टीला गट 'क' आणि 'ग' दिसत नाहीत. घटसर्प तर मुळीच दिसत नाही. करडा, चिकट, ओढल्यावर रक्त येणारा पापुद्रा दिसला, गळा सुजून बैलासारखा झाला, मुलाच्या लसी राहिलेल्या असल्या, तर पट्टीच्या नादाला न लागता मुलाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं. घटसर्प गेला असं समजून आपण निर्धास्त झालो आहोत, आणि ही निर्धास्ती धोक्याची आहे.

आता अचूकपणाकडे येते. मुलांवरच्या अनेक अभ्यासांचा २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने एकत्र आढावा घेतला. खरोखर जिवाणू असलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ८६ जणांना पट्टी पकडते, आणि जिवाणू नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ९५ जणांना बरोबर 'नाही' सांगते. हे आकडे दवाखान्यात उतरवून पाहू. घसा दुखणारी शंभर मुलं आली, त्यांतल्या २५ जणांत जिवाणू आहे असं धरू. सगळ्यांना अँटिबायोटिक दिलं तर ७५ मुलांनी उगाच घेतलं. कुणालाच दिलं नाही तर २५ सुटली. पट्टी लावली तर २१ सापडतात, ४ सुटतात, आणि तीन-चार मुलांना विनाकारण औषध मिळतं. उगाच घेणारे ७५ होते, ते चारांवर आले, आणि तेही रुग्ण खुर्चीतून उठायच्या आत.

हाच हिशेब सर्दी-खोकल्याने घसा खवखवणाऱ्या मोठ्या माणसांवर करून पाहा. अशा शंभरांत जिवाणू असलेले दोघे धरले, तर पट्टी ते दोघे दाखवील आणि सोबत जिवाणू नसलेल्या चार-पाच जणांनाही 'आहे' म्हणेल. म्हणजे 'आहे' या उत्तरांतली बहुतेक खोटी. पट्टी तीच, आकडे तेच, पण कुणाला विचारलं यावर उत्तराचा भाव बदलला. त्या संध्याकाळी आजीही म्हणाल्या, "माझाही घसा दोन दिवस खवखवतोय, माझंही बघा ना त्यावर." त्यांना शिंका होत्या, खोकला होता. मी त्यांना गुळण्या करायला सांगितल्या आणि दुसरी पट्टी फोडली नाही.

जी चार मुलं सुटली त्यांचं काय? इथे आपल्या देशाचा प्रश्न येतो.

स्ट्रेप्टोकॉकसचा घसा बहुतेकांचा औषधाशिवायही आठवडाभरात बरा होतो. औषधाने दुखणं जेमतेम दिवसभर आधी थांबतं. तेवढ्यासाठी कुणी एवढी धडपड केली नसती. भीती आहे ती नंतर येणाऱ्या संधिवाती तापाची, ऱ्हुमॅटिक फीवरची. जिवाणूशी लढायला शरीराने केलेली फौज स्वतःच्याच हृदयावर उलटते, कारण जिवाणूचे काही भाग आणि हृदयाचे काही भाग तिला सारखे दिसतात. घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात. मुलाचे गुडघे सुजतात, मग घोटे, मग मनगटं. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांवर व्रण राहून जातो. वर्षं जातात. मग गरोदरपणात धाप लागली म्हणून तपासायला आलेल्या एखाद्या तरुण बाईची मायट्रल झडप अरुंद झालेली सापडते. अशा बायका आपल्या सरकारी रुग्णालयांत आजही येतात. श्रीमंत देशांनी हा आजार जवळजवळ विसरायला घेतला आहे, आपल्याला ती मुभा नाही.

मोठ्या साथीत, औषध न घेतलेल्या शंभर जणांपैकी साधारण तिघांना हा ताप यायचा. एरवी हे प्रमाण बरंच कमी असतं. पेनिसिलिनने तो टाळता येतो हे सिद्ध झालं अमेरिकेत वायोमिंगच्या वॉरन हवाई तळावर, १९५० च्या सुमारास, तरुण सैनिकांत. त्याच कामातून पुढे एक गोष्ट हाती लागली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते : दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांपर्यंत पेनिसिलिन सुरू केलं तरी हृदय वाचतं.

नऊ दिवस! म्हणजे आजार आपल्याला घाई करायला लावतच नाही. घाई आहे ती दवाखान्याची. आजाराकडे नऊ दिवसांची सवड आहे, चिठ्ठीकडे पाच मिनिटांची. पट्टी या पाच मिनिटांसाठी आहे आणि कल्चर त्या नऊ दिवसांसाठी. एकाने दुसऱ्याचं काम करावं अशी अपेक्षा ठेवली की दोघांनाही नावं ठेवायची पाळी येते. म्हणूनच मुलांत पट्टी 'नाही' म्हणाली तर कल्चर पाठवायची पद्धत आहे. मोठ्या माणसांत सहसा त्याची गरज पडत नाही, कारण त्यांना संधिवाती तापाचा धोका फारच कमी.

आपल्याकडे यात तिसरं एक उत्तर घुसलेलं आहे, ते म्हणजे एएसओ ही रक्ताची तपासणी. घसा दुखतोय म्हणून पालक ती करून येतात, आणि आकडा जास्त आला की घाबरतात. ही तपासणी जिवाणू शोधत नाही. शरीराने त्याच्याविरुद्ध केलेली प्रतिपिंडं मोजते, आणि ती वाढायला एक ते तीन आठवडे लागतात. ती सांगते मागच्या महिन्यातली गोष्ट. संधिवाती तापाची शंका असेल तेव्हा तिला मोल आहे. आजच्या घशाबद्दल ती गप्प आहे. नुसता एएसओ वाढला म्हणून दर २१ दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत वाढलेली मुलं मी पाहिली आहेत. हृदय ठणठणीत, सांधे ठणठणीत, आणि कमरेवर सुयांच्या खुणा. ज्यांची झडप खरोखर बिघडलेली आहे त्यांच्यासाठी ते इंजेक्शन म्हणजे जीवदान आहे. या मुलांना ते मिळालं चुकीच्या वेळेचं उत्तर आजचं म्हणून वाचल्यामुळे.

फ्रान्समध्ये २००२ पासून सरकारी आरोग्य विमा ही पट्टी डॉक्टरांना फुकट पुरवतो. आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत ती क्वचित दिसते. कारण सरळ आहे, पट्टीपेक्षा गोळ्या स्वस्त पडतात. रुग्णाला दोन्हींचे पैसे खिशातून भरायचे असतात आणि पट्टी 'नाही' म्हणाली तर त्याला वाटतं, पैसे देऊन रिकाम्या हाताने आलो. हे मी त्याच्या जागी बसून समजू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट मिळायला हवी, निदान ५ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी, हे मात्र मी जिथे संधी मिळेल तिथे बोलत राहते. तरी ज्यांचा घसा कधी कुणी पाहिलाच नाही ते उरतातच. संधिवाती ताप आलेल्या कितीतरी मुलांच्या आईला मागे घसा दुखल्याचं आठवतसुद्धा नाही.

आजींच्या नातवाच्या घशातून मी दोन काड्या घेतल्या. पहिलीची पट्टी लावली आणि आजींच्या समोर टेबलावर ठेवली. दोघीही बघत बसलो. वरची रेघ उमटली, खालची आली नाही.

"म्हणजे नाही?" आजींनी विचारलं.

"बहुतेक नाही. पण त्याच्या गाठी बघता मला खात्री हवी. ही दुसरी काडी लॅबला जाईल, सोमवारी कळेल. तोवर तापाचं औषध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, पेज, वरणभात. धाप लागली, थुंकी गिळता येईना, तोंड उघडता येईना, तर रात्री-अपरात्री फोन करा."

या मुलाला मी तेव्हाच औषध सुरू केलं असतं तरी कुणी चूक म्हटलं नसतं. आजी नाखुशीने उठल्या.

सोमवारी दुपारी लॅबमधून फोन आला. ताटलीवर स्ट्रेप्टोकॉकस वाढला होता, गट 'अ'. नातू त्या चार सुटलेल्यांपैकी एक होता. मी आजींना बोलावून घेतलं. ताप उतरला होता, मुलगा बरा दिसत होता. आजींनी पहिलाच प्रश्न केला, "मग त्या दिवशीच्या पट्टीचा उपयोग काय झाला?"

मी त्यांना बोटांवर मोजून दाखवलं. गुरुवारी दुखायला लागलं, आज सोमवार, पाचवा दिवस. नऊच्या आत आहोत. शुक्रवारी त्याच बाकावर तुमच्या आधी बसलेल्या दोन मुलींनाही पट्टी 'नाही' म्हणाली होती, त्यांच्याही काड्या गेल्या होत्या, त्यांच्यात काही निघालं नाही. पट्टी नसती तर मी तिघांनाही सारखीच गोळी देऊन घरी पाठवलं असतं, आणि काडी एकाचीही लॅबला गेली नसती.

अमॉक्सिसिलिन दहा दिवस, बरं वाटलं तरी दहा दिवस, असं मी दोनदा सांगितलं. आज रात्री सुरू केलं तर बुधवारी सकाळपर्यंत तो दुसऱ्यांना देणार नाही, परीक्षेला बसू दे. आजींनी पिशवीतून पेन काढलं आणि भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवून द्यायला सांगितलं. कुठल्या तारखेला औषध संपतं ते बघायला त्या सोमवारच्या चौकटीपासून एकेक घर बोटाने मोजत गेल्या, आणि दहाव्याची तारीख चिठ्ठीच्या मागे लिहून घेतली.